भाव शेवटी बघा, आधी भांडाराची वही मागवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेने दोन सक्शन-कम-जेटिंग गाड्या (तुंबलेली गटारं दाबाच्या पाण्याने मोकळी करून मैला ओढून घेणाऱ्या), बारा घंटागाड्या आणि काही फॉगिंग मशिनं घेतली. आता मुख्याधिकारी, अभियंता आणि भांडारपाल अशा तिघांवर गुन्हा दाखल झालाय. तक्रारीचा सगळा भर एकाच वाक्यावर आहे: बाजारात मिळते त्याच्या दीडपट भावाने गाडी घेतली. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो साहेबांना गोवलंय, दुसरा म्हणतो सगळे आत जाणार. तुम्ही विचारताय की पुढे काय होतं, अशी प्रकरणं कोर्टात का टिकत नाहीत, आणि नागरिकांनी नेमकं काय करावं.

मी एकतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली. बहुतेक सगळी लोकल फंडात, म्हणजे स्थानिक संस्थांचे हिशेब तपासणाऱ्या सरकारी खात्यात, मधली काही जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात. वकील नाही, त्यामुळे कोर्टातले बारकावे वकिलालाच विचारा. पण खरेदीच्या फायली किती चाळल्या याची गणती नाही, आणि त्यावरून एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. तुमच्या तक्रारीतलं सगळ्यात जोरकस वाक्य तेच सगळ्यात कच्चं आहे.

भाव जास्त लावला हे सिद्ध करायला वाटतं तितकं सोपं नाही. जेटिंग गाडी म्हणजे किराणा दुकानातली साखर नव्हे. चेसिस एका कंपनीची, तिच्यावरची टाकी आणि पंप दुसऱ्याच कारखान्यात बसवलेले. टाकीच्या पत्र्याची जाडी, पंपाचा दाब, होजची लांबी, विमा, आरटीओ, जीएसटी, पोच करण्याचा खर्च, तीन वर्षांची देखभाल, चालकाला प्रशिक्षण. तुम्ही शेजारच्या नगरपरिषदेचा दर आणून दाखवलात की समोरचा वकील एवढंच विचारतो, “त्यात देखभाल धरली होती का?” तुम्हाला माहीत नसतं. संपलं.

माझाच अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात एका नगरपरिषदेत फॉगिंग मशिनच्या खरेदीवर मी तावातावाने आक्षेपाचा परिच्छेद लिहिला: जादा दराने खरेदी, इतक्या रकमेचं नुकसान, वसुली करावी. वर्षभराने अनुपालन, म्हणजे आक्षेपावरचं उत्तर, आलं, तीन ओळींचं. ‘सदर यंत्र स्टेनलेस स्टीलच्या टाकीचे असून तुलनेसाठी घेतलेले यंत्र प्लास्टिक टाकीचे आहे. सबब दरांची तुलना उचित नाही. परिच्छेद वगळावा.’ वगळला गेला. मशीन खरंच स्टीलच्या टाकीचं होतं. पण स्टीलची टाकी हवीच कशाला, हे मी विचारलंच नव्हतं. चोरी झाली असेल तर ती त्या प्रश्नात होती, आणि मी भावात शोधत बसलो होतो.

खरेदीत पैसे खायचे तर दोन जागा असतात. एक निविदा निघण्याच्या आधी, म्हणजे स्पेसिफिकेशन (वस्तू नेमकी कशी हवी याच्या तांत्रिक अटी) लिहिताना. दुसरी माल आल्यानंतर, म्हणजे पोच घेताना. मधली निविदा, ज्याची सगळीकडे चर्चा होते, ती बहुतेक वेळा कागदावर धुतल्या तांदळासारखी असते.

स्पेसिफिकेशनपासून सुरू करतो, कारण खरं कौशल्य तिथे असतं. गाडी कशी हवी हे ठरवायचं काम अभियंत्याचं. पण लहान नगरपरिषदेत एकच अभियंता रस्ते, गटारं, पाणी, पंतप्रधान आवास असं सगळं बघतो. त्याने आयुष्यात जेटिंग गाडी विकत घेतलेली नसते. मग पुरवठादाराचा माणूस येतो, चहा होतो, आणि जाताना तो पेन ड्राइव्ह ठेवून जातो. “साहेब, तुम्हाला त्रास नको, ड्राफ्ट करून आणलाय.” त्यात लिहिलेलं असतं: टाकीची क्षमता इतकीच, पंप अमुक प्रकारचाच, नियंत्रण पटल गाडीच्या डाव्या बाजूलाच. त्यातली एखादी अट अशी असते की बाजारातल्या एकाच कंपनीचं मॉडेल तिच्यात बसतं. बाकीचे तांत्रिक लिफाफ्यातच बाद होतात, त्यांच्या दराचा लिफाफा उघडलाच जात नाही. कुणी कुणाला अपात्र ठरवलं? कुणीच नाही. अटींनी ठरवलं.

एका फाइलमध्ये मला स्पेसिफिकेशनमध्ये एक विचित्र शब्द दिसला, ‘प्रेशर’ऐवजी ‘प्रेशन’. टायपिंगची चूक म्हणून सोडून देणार होतो. नंतर पुरवठादाराचं माहितीपत्रक चाळताना त्यातही तोच ‘प्रेशन’. अभियंत्याने मराठीत, स्वतःच्या हाताने तयार केलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये कंपनीच्या छापखान्यातली चूक कशी आली? त्या एका अक्षराने जे काम केलं ते माझ्या दरांच्या दहा तक्त्यांनी केलं नसतं.

मुंबईतलं मिठी नदीचं प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गाळ काढण्याच्या कंत्राटांबाबत तेरा जणांवर गुन्हा नोंदवला. त्यात महापालिकेचे अधिकारीही होते, आणि नुकसानीचा आकडा सुमारे ६५ कोटींचा सांगितला गेला. आरोपांपैकी एक असा की गाळ उपसायच्या विशिष्ट यंत्रांची अट निविदेत अशा रीतीने घातली की कंत्राटदारांना ती यंत्रं ठरावीक ठिकाणाहूनच भाड्याने घ्यावी लागावीत. हे आरोप आहेत, निकाल नव्हे, आणि मी कुणाला दोषी म्हणत नाही. पण तपास कुठे कुठे गेला बघा. गाळाच्या भावाच्या बरोबरीने तो यंत्राच्या अटीकडे गेला.

तेव्हा तुमच्या प्रकरणात पहिला कागद मागायचा तो हा: तांत्रिक मान्यतेचं टिपण आणि स्पेसिफिकेशन कुणी, कधी, कशाच्या आधारे बनवलं. त्याला जोडून अंदाजपत्रकासाठी घेतलेली दरपत्रकं. नियमाप्रमाणे अंदाजित किंमत ठरवायला बाजारातले दर घेतात. अनेकदा तीन दरपत्रकं असतात, तीन वेगळ्या लेटरहेडवर, आणि तिन्हींची तारीख एक, फॉण्ट एक, ‘आपला विश्वासू’च्या वरची मोकळी जागासुद्धा एक. इथेच अंदाजपत्रक फुगवलेलं असतं. मग प्रत्यक्ष निविदा ‘अंदाजपत्रकापेक्षा ४ टक्के कमी दराने’ मंजूर होते आणि सभेत सगळे बाकं वाजवतात.

निविदापूर्व बैठकीचं इतिवृत्तही मागा. इतर कंपन्यांनी तिथे हरकती घेतल्या असतील, ‘ही अट शिथिल करा’ म्हटलं असेल, आणि उत्तर फक्त ‘निविदेतील अट कायम’ एवढंच असेल, तर तो कागद सोन्याचा. एखाद्या अभियंत्याने अट का कायम ठेवली याचं कारण दोन ओळींत जरी लिहिलं असेल, तर मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. बहुतेक फायलींत कारण नसतं.

आता निविदेतल्या संगनमताबद्दल. याला आमच्याकडे ‘रिंग’ म्हणतात. पहिल्या फेरीत किमान तीन निविदा हव्यात हा दंडक असल्याने जिंकणाऱ्याला दोन हरणारे सोबत आणावे लागतात. त्यांना ‘सपोर्ट’ म्हणतात. सपोर्टवाला दर वरचा भरतो, बयाणा रक्कमही (निविदेसोबतची अनामत) बरेचदा जिंकणाराच भरतो. यावर महाराष्ट्रातलंच एक प्रकरण शेवटपर्यंत गेलेलं आहे आणि ते फारसं कुणाच्या लक्षात नाही. पुणे महापालिकेने २०१४-१५ मध्ये घनकचरा प्रक्रिया प्रकल्प उभारण्याच्या, म्हणजे यंत्रं बसवून चालवण्याच्या, निविदा काढल्या होत्या. पुण्यातल्या नागरिक चेतना मंच या संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली. आयोगाच्या चौकशीत डमी निविदा भरल्याचं निष्पन्न झालं, ज्यांचा कचऱ्याच्या धंद्याशी संबंध नाही अशांनीही निविदा भरल्या होत्या, आणि मे २०१८ मध्ये निविदाकारांना दंड झाला. चौकशीत काहींनी पुढे येऊन कबुली दिली, त्यांना त्याबद्दल दंडात सूटही मिळाली.

दोन गोष्टी शिका यातून. एक, स्पर्धा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे निविदेतलं संगनमत हा स्वतंत्र दोष आहे, त्याला लाच सिद्ध करावी लागत नाही. दुसरी, तिथे फक्त निविदाकार सापडतात. अधिकाऱ्याने पैसे खाल्ले की नाही हे ठरवणं त्या आयोगाचं काम नाही. पण ‘ही निविदा बनावट स्पर्धेची होती’ असा शिक्का एका संस्थेने मारला की बाकीच्यांना डोळेझाक करणं अवघड जातं.

रिंग ओळखायच्या खुणा मी तरुण सहकाऱ्यांना शिकवायचो त्यातल्या काही: हरलेल्या दोघांचे दर जिंकलेल्याच्या दरापेक्षा गोल टक्क्यांनी जास्त असणं, म्हणजे सगळ्या बाबींवर सरसकट ५ टक्के, सरसकट ८ टक्के. तिघांच्या उलाढालीची प्रमाणपत्रं एकाच सनदी लेखापालाकडून एकाच दिवशी घेतलेली. पूर्वी बयाण्याच्या धनाकर्षांचे (डिमांड ड्राफ्टचे) अनुक्रमांक सलग यायचे, हसू यायचं. आता बयाणा ऑनलाइन भरतात, तेव्हा कुणाच्या खात्यातून भरला ते बघावं लागतं, आणि ते पोलिसांनाच शक्य.

जेम, म्हणजे सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार, या पोर्टलबद्दल लोक फार भाबडे असतात. ऑगस्ट २०१६ मध्ये ते सुरू झालं, महाराष्ट्राने नंतर स्वीकारलं, जुनी दरकराराची पद्धत, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या दराने खरेदी, गेली. दरकरारात काय व्हायचं ते आठवा. २०१५ मध्ये जिल्हा परिषद शाळांसाठी अग्निशामक नळकांडी घ्यायचा १९१ कोटींचा प्रस्ताव वित्त विभागाच्या आक्षेपानंतर थांबला, तो वाद ई-निविदा न काढता दरकरारावर खरेदी करण्याचाच होता. तिथे गैरव्यवहार झाला असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण त्या वर्षीच्या गदारोळानंतर १ डिसेंबर २०१६ ची खरेदीची नियमपुस्तिका आली आणि वातावरण बदललं. तर जेममुळे बराच फरक पडला, नाही म्हणणार नाही. पण तिथेही खरेदीदाराला स्वतःच्या अटी घालून बोली काढता येते. पेन ड्राइव्हचा माणूस आता त्या अटी सांगायला येतो, एवढंच. ‘जेमवरून घेतलंय’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

खरेदीचे तुकडे पाडणं, म्हणजे मर्यादेच्या खाली राहावं म्हणून एकाच वस्तूचे चार आदेश काढणं, हे ग्रामपंचायतीत जास्त चालतं. एलईडी दिवे, कचराकुंड्या, खुल्या व्यायामशाळेचं साहित्य, आरओ मशीन. वित्त आयोगाचा निधी आला की गावागावात एकाच आठवड्यात एकाच रंगाच्या कुंड्या दिसतात. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुठल्या पुरवठादाराला किती दिले ते घरबसल्या दिसतं, दहा गावांचं काढून शेजारी शेजारी ठेवा. आणि सरपंच व ग्रामसेवकाची डिजिटल सही ज्या छोट्या यंत्रात असते ते कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं ते विचारा. मी पाहिलेल्या निम्म्या गावांत ते संगणक परिचालकाकडे होतं. तुमचा प्रश्न नगरपरिषदेचा आहे, म्हणून पुढे जातो.

माल आल्यानंतरची जागा. इथे मला जरा जास्त वेळ द्या.

प्रत्येक कार्यालयात साठा नोंदवही असते, आणि टिकाऊ वस्तूंसाठी जडवस्तू संग्रह नोंदवही. कोणी वाचत नाही. भांडारपाल नावाचा एक लिपिक ती सांभाळतो, त्याच्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचं टेबलही असतं. ३१ मार्चला संध्याकाळी त्याला फोन येतो, “अरे, नोंद घेऊन टाक, बिल कोषागारात जायचंय, माल उद्या पोचतोय.” निधी व्यपगत होईल, म्हणजे परत जाईल, ही भीती खरी असते. तो नोंद घेतो. ‘माल सुस्थितीत, पुरवठा आदेशाप्रमाणे मिळाला’ असं बिलाच्या पाठीमागे लिहून सही करतो. बिल निघतं. माल कधी येतो, कधी अर्धा येतो, कधी वेगळाच येतो.

एका पंचायत समितीच्या भांडारात मी पाठीवरच्या फवारणी पंपांची खोकी मोजत होतो. आकडा बरोबर जुळला. सहज एक खोकं उलटं केलं. तळाला चिठ्ठी: उत्पादन महिना मे. नोंदवहीत आवक ३१ मार्च. मे महिन्यात बनलेले पंप मार्चमध्ये मिळाले होते! भांडारपालाच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्याने एक पैसा खाल्ला नव्हता हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे. कारवाई पहिली त्याच्यावर झाली.

गाड्यांच्या बाबतीत तर तारखा लपवणं फार अवघड. चेसिसच्या बिलाची तारीख, टाकी बसवणाऱ्याच्या बिलाची तारीख, विम्याची तारीख, आरटीओ नोंदणीची तारीख, नगरपरिषदेने पैसे दिल्याची तारीख, आणि साठा नोंदवहीतली तारीख. या सहा तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहा. पैसे आधी आणि चेसिसच नंतर विकत घेतली असं दिसलं, तर भावाबद्दल एक शब्द न बोलता तुमच्या हातात खोट्या नोंदीचा पुरावा आहे. नोंदणीची तारीख तर गाडीचा नंबर टाकून परिवहन विभागाच्या ॲपवरही दिसते.

गाडीचा नंबर किती बोलतो हे तेव्हाच्या बिहारमधल्या चारा घोटाळ्याने देशाला दाखवलं. १९९६ च्या जानेवारीत चाईबासाला पशुसंवर्धन विभागाच्या कार्यालयांवर उपायुक्तांनी छापे घातले आणि तो प्रकार फुटला. बिलांमध्ये चारा आणि जनावरं वाहून नेणारे ट्रक म्हणून जे नंबर दिले होते, त्यातले काही स्कूटर-मोपेडचे निघाले. पुढे वर्षानुवर्षं खटले चालले आणि शिक्षाही झाल्या. तिथे सुरुवात मंजूर तरतुदीपेक्षा जास्त पैसे काढल्याच्या संशयातून झाली, आणि पुढे काढलेला पैसा आणि प्रत्यक्ष पुरवठा यांचा मेळ बसेना.

मग लॉगबुक. गाडी चालते तर डिझेल लागतं, चालक लागतो, किलोमीटर वाढतात. घंटागाड्या बारा, चालक सात, डिझेलची बिलं पाच गाड्यांची, असं निघालं तर उरलेल्या कुठे आहेत ते विचारा.

आता कायद्याचं. हा भाग लोकांना सांगितला की ते निराश होतात, पण सांगायलाच हवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. त्यात पूर्वी कलम १३(१)(ड) होतं. लोकसेवकाने सार्वजनिक हित नसताना कुणाला आर्थिक फायदा करून दिला तर तेवढ्यावरही गुन्हा व्हायचा. खरेदीची बहुतेक प्रकरणं त्याच खुंटीवर टांगलेली असत. २६ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते गेलं. आता कलम १३ मध्ये दोनच गोष्टी उरल्या: ताब्यातल्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार करणं किंवा दुसऱ्याला करू देणं, आणि स्वतःची बेकायदा संपत्ती वाढवणं. नुसता चुकीचा किंवा महागडा निर्णय हा गुन्हा नाही. माझं मत विचाराल तर या बदलाची दुसरी बाजूही आहे. जुन्या कलमाने प्रामाणिक अधिकारीही फायलीवर सही करायला घाबरत होते, हे मी जवळून पाहिलंय. पण तक्रारदारासाठी परिणाम एकच: ‘जादा दर’ हा शब्द २०१८ नंतर फार हलका झाला. ‘खोटी नोंद’, ‘न आलेल्या मालाचे पैसे’ हे शब्द तितकेच जड राहिले, कारण ते थेट अपहाराकडे आणि बनावट दस्तऐवजाकडे नेतात. लोकसेवकाने केलेला विश्वासघात पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४०९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(५) लागतं, आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

त्याच दुरुस्तीने कलम १७अ आलं. अधिकाऱ्याने पदावर असताना दिलेल्या शिफारशी किंवा घेतलेल्या निर्णयाबद्दल चौकशी सुरू करायची तर आधी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी. तीन महिन्यांत उत्तर द्यायचं, फार तर एक महिना वाढवून. सापळ्यात रंगेहाथ पकडलं तर ही मंजुरी लागत नाही. त्यानंतर तपास पूर्ण झाल्यावर खटल्यासाठी पुन्हा कलम १९ ची मंजुरी, आणि आता ती निवृत्तांनाही लागते. म्हणजे दोन फाटकं. तुमच्या तिघांमध्ये मुख्याधिकारी राज्य शासनाचा, भांडारपाल नगरपरिषदेचा. मंजुरी देणारे वेगळे, वेग वेगळा. म्हणून असं दिसतं की लहान माणसाची फाइल आधी पोचते.

गुन्हा दाखल झाला म्हणजे काय, हेही एकदा स्पष्ट करतो. तपास सुरू झाला, एवढंच. ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की निलंबन मानलं जातं. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो, आणि पुढे तो परतही येतो. निलंबनाने गाव जिंकल्यासारखं वागतं आणि परतल्यावर विकलं गेल्यासारखं. दोन्ही चूक.

खटल्यापेक्षा विभागीय चौकशी जास्त परिणामकारक ठरते असं माझं मत आहे. तिथे पुराव्याची कसोटी कमी कडक, वसुलीही होऊ शकते. पण एक घड्याळ लक्षात ठेवा. निवृत्तिवेतन नियम १९८२ मधल्या नियम २७ प्रमाणे, माणूस निवृत्त झाल्यावर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेबद्दल नवी विभागीय चौकशी सुरू करता येत नाही. मी अशा फायली पाहिल्यात ज्या ‘अभिप्रायार्थ’ म्हणून तीन टेबलांवर फिरत राहिल्या आणि चौथं वर्ष उलटल्याच्या महिन्यात अचानक सापडल्या. तुमच्यातला अभियंता कधी निवृत्त होतोय ते बघा.

आता करायचं काय. ‘खरेदीची सर्व कागदपत्रे द्या’ असा माहिती अधिकाराचा अर्ज करू नका. आपल्या राज्याच्या नियमात अर्जाला एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, आणि ‘सर्व’ म्हटलं की ‘माहिती व्यापक स्वरूपाची’ असं उत्तर तयार असतं. त्याआधी सोमवारी दुपारी नगरपरिषदेत जा. पुणे महापालिकेत सुरू झालेली पद्धत नोव्हेंबर २०१८ च्या शासन आदेशाने स्थानिक स्वराज्य संस्थांना लावली: दर सोमवारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अनेक कार्यालयांत शिपायालाही हे माहीत नसतं, आदेशाची प्रत सोबत ठेवा. फाइल बघा, पान क्रमांक टिपून घ्या, मग नेमक्या पानांचा अर्ज करा. पानांना क्रमांकच घातले नसतील तर तेही लिहून ठेवा. त्याचा अर्थ पानं बदलता येतात.

‘तपास चालू आहे, कलम ८(१)(ज) खाली देता येत नाही’ असं उत्तर तुम्हाला येणारच. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटलंय. पहिल्या अपिलात ते लिहा. आणि माहिती अधिकाराच्या कलम २(ञ) मध्ये कामाची, अभिलेखाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. म्हणजे गाडीची पाहणी मागता येते. फारच थोडे लोक मागतात.

तक्रार तपास यंत्रणेकडे गेलीच आहे, ती तशीच राहू द्या. सोबत सहा तारखांचा तक्ता स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या जिल्हा कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. उरलेली देयकं देण्याचा ठराव अजून अमलात आला नसेल तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. पत्रात विशेषणं नकोत. ‘महाघोटाळा’, ‘लुटारू’ असं लिहिलेलं पत्र आमच्या टेबलावर आलं की आम्ही ते ‘राजकीय’ या ढिगात ठेवायचो, खरं सांगतो.

आणि भांडारपालाशी कुणीतरी नीट बोला. तुम्ही लिहिलंय की तो कुणाशी बोलत नाही, गावात फिरायचं बंद केलंय. नोंद घे असं त्याला कुणी सांगितलं, ते तोंडी की व्हॉट्सॲपवर, हे फक्त त्यालाच माहीत आहे. त्याने वकील बघावा, आणि तो मोबाइल विकू नये, बदलू नये.

शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की दोनपैकी एक जेटिंग गाडी आठ महिने पाण्याच्या टाकीखाली उभी आहे. मला त्या वाक्यात सगळ्यात जास्त रस वाटला. २(ञ) खाली पाहणीचा अर्ज याच आठवड्यात टाका. पाहणीला जाल तेव्हा चेसिस क्रमांक, पंपावरची कंपनीची पट्टी, किलोमीटरचा आकडा आणि टाकीवर कोरलेली क्षमता, चारही गोष्टींचे फोटो घ्या, तारीख दिसेल असे. पावसाळ्याच्या आधी जा. पंपावरची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते की नुसती चिकटवलेली, तेही बघून ठेवा.